आदल्या रात्रीची बेगमी

नागपूरच्या माणसाने समुद्रातल्या मासेमारीविषयी लिहावे, याचे कुणाला हसू आले तर त्यात नवल नाही. मुंबईचा समुद्र आम्हांला रेल्वेने आठशे किलोमीटरांहून दूर. आमची मासळी तलावातली, नाहीतर वैनगंगा-कन्हानच्या डोहातली. भरती-ओहोटी आम्ही भूगोलाच्या पुस्तकात वाचलेली. पण एक गोष्ट आम्ही वैदर्भीय मंडळी पिढ्यान्‌पिढ्या जाणतो, आणि ती म्हणजे बेगमी. एप्रिल-मेच्या उन्हात गच्चीवर पापड, कुरडया, सांडगे, मुंगवड्या वाळत पडतात, त्या काही उन्हाळ्यात खाण्यासाठी नव्हेत. आषाढात चार दिवस झड लागते, भाजी मिळत नाही, आणि नेमके तेव्हाच दारात पाहुणे उभे राहतात. त्या दिवशीचे जेवण खरे म्हणजे मे महिन्यातच शिजलेले असते.

ज्या माणसाचे आयुष्य मी आज सांगणार आहे, त्याने कुरडई कधी पाहिलीही नसेल. पण बेगमीचे मोल त्याच्याइतके फार थोड्या लेखकांना कळले होते. त्याचे नाव अर्नेस्ट हेमिंग्वे. मी त्याला प्रथम वाचले ते मराठीतून. त्याच्या ‘द ओल्ड मॅन अँड द सी’ या छोट्या कादंबरीचा अनुवाद पु. ल. देशपांडे यांनी ‘एका कोळियाने’ या नावाने केला, तो १९६५ साली प्रसिद्ध झाला. पुलंनी नावातच गंमत केली आहे. कोळी म्हणजे मासे धरणारा आणि कोळी म्हणजे पडून-पडून पुन्हा चढणारा, जाळे विणणारा कीटकही. दोघांचेही पोट आधी केलेल्या विणकामावरच अवलंबून.

हेमिंग्वे म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र येते. पांढरी दाढी, हातात बंदूक किंवा मद्याचा पेला, बैलांच्या झुंजी, चार लग्ने, युद्धाच्या आघाड्या. हे सारे खरे आहे. पण या धिप्पाड, गर्जना करणाऱ्या माणसाच्या आत दुसरा एक शांत, नीटनेटका माणूस होता. दुसऱ्या दिवशीचे सामान आदल्या रात्री हाताशी मांडून ठेवणारा. मला ओढ आहे ती या दुसऱ्या माणसाची.

त्याचा जन्म २१ जुलै १८९९ रोजी शिकागोजवळच्या ओक पार्क गावी झाला. वडील क्लॅरेन्स हे डॉक्टर, आई ग्रेस गाणे शिकवणारी. मिशिगन राज्यात वालून तलावाकाठी कुटुंबाचे एक लहानसे घर होते. उन्हाळा आला की सारे बिऱ्हाड तिकडे हलत असे. गळ टाकणे, बंदूक धरणे, जंगलात मुक्काम करणे हे सगळे मुलाला वडिलांनी तिथे शिकवले. पुढे सतराव्या-अठराव्या वर्षी तो कॅन्सस सिटीच्या वृत्तपत्रात बातमीदार झाला. १९१८ साली रेडक्रॉसच्या सेवेत इटलीच्या आघाडीवर गेला आणि ८ जुलैच्या रात्री तोफगोळ्याने पायांची चाळण होऊन पडला. तेव्हा त्याला एकोणीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

युद्धावरून परतलेल्या अशाच एका तरुणाची गोष्ट त्याने १९२५ साली प्रसिद्ध केली. ‘बिग टू-हार्टेड रिव्हर’ हे तिचे नाव. निक नावाचा तरुण एकटाच नदीकाठी तंबू ठोकतो आणि ट्राउट मासे धरतो. एवढीच कथा. युद्धाचा शब्दसुद्धा त्यात नाही. पण त्यात एक बारीकसा तपशील आहे, आणि माझ्या मते सगळा हेमिंग्वे त्यात सापडतो. तो समजण्यासाठी मासेमारीतली एक वस्तू आधी समजून घेतली पाहिजे.

गळाने मासे धरणारे लोक मुख्य दोर आणि गळ यांच्या मध्ये वेगळ्या जातीचा एक तुकडा बांधतात. त्याला ते लीडर म्हणतात. गोड्या पाण्यात हा तुकडा बारीक असतो, माशाला दिसू नये म्हणून. खाऱ्या पाण्यात तो दणकट असतो, माशाने तोडू नये म्हणून. त्या काळी ट्राउटसाठीचा लीडर रेशमाच्या किड्याच्या ग्रंथीतून ओढून काढलेल्या तंतूचा असे. भंडारा-आरमोरीकडच्या कोशाशी नाते असलेल्या आपल्या वाचकांना याचे विशेष वाटेल. ज्या ग्रंथीतून किडा आपला कोश विणतो, तीच ताणून हा तंतू बनवत. वाळला की तो काटकीसारखा ठिसूळ होतो. तसाच गाठीत ओढला तर तुटतो. म्हणून तो आधी तासन्‌तास भिजवून मऊ करावा लागे. कथेतला निक गाडीने येतानाच डब्यातल्या पिण्याच्या पाण्याने फ्लॅनेलचे तुकडे ओले करतो आणि लीडर त्या ओल्या तुकड्यांत, अॅल्युमिनियमच्या डबीत ठेवून देतो. दुसऱ्या दिवशी नदीवर डबी उघडतो तेव्हा ते मऊ झालेले असतात. मासा अजून दृष्टीसही पडलेला नाही, नदी कोसभर दूर आहे, आणि हा गाडीत बसून गाठीची तयारी करतो आहे. मनाच्या चिंधड्या झालेल्या त्या मुलाला सावरणारी गोष्ट कोणती, तर ही लहानशी, क्रमाने करायची तयारी.

तयारी पाण्यात जाते म्हणजे काय, याचाही अनुभव तोवर त्याने घेतला होता. १९२१ साली हॅडली रिचर्डसनशी लग्न करून तो पॅरिसला गेला होता. डिसेंबर १९२२मध्ये तो बातमीदारीसाठी स्वित्झर्लंडमधल्या लोझानला असताना हॅडली त्याच्याकडे निघाली. त्याला काम करता यावे म्हणून तिने त्याच्या साऱ्या कथा एका पेटीत भरल्या. मूळ प्रती भरल्या आणि कार्बनच्या नकलाही त्याच पेटीत भरल्या. पॅरिसच्या गार द लियों स्थानकावर ती पेटी चोरीला गेली. मायेने, काळजीने केलेली तयारीच नडली. दोन-तीन कथा तेवढ्या दुसरीकडे असल्याने वाचल्या. बाकी सगळे त्याला पहिल्यापासून लिहावे लागले.

१९२८ साली तो फ्लॉरिडाच्या टोकावरच्या की वेस्ट बेटावर आला आणि इथे त्याची खाऱ्या पाण्याशी गाठ पडली. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये ओक पार्कला वडिलांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली. ज्या हातांनी त्याला गळ बांधायला शिकवले, ते असे गेले. हा घाव तो जन्मभर वागवीत राहिला.

की वेस्टहून १९३२ साली तो ज्यो रसेल या मित्राच्या ‘अनिता’ बोटीतून क्यूबाला गेला. हवानाजवळ किनारा सोडताच खोल पाणी लागते आणि तिथूनच गल्फ स्ट्रीमचा उबदार निळा प्रवाह वाहतो. त्या प्रवाहातून उन्हाळ्यात मार्लिन जातात. तलवारीसारखी चोच असलेला हा मासा शेकडो किलोंचा होतो. कार्लोस गुतिएरेझ नावाच्या तिथल्या अनुभवी कोळ्याकडून हेमिंग्वेने हे शास्त्र शिकून घेतले. प्रसिद्ध लेखक असूनही एका कोळ्यापुढे तो विद्यार्थी होऊन बसला. रोजच्या मासेमारीची नोंदवही तो ठेवू लागला. १९३३पासून ‘एस्क्वायर’ मासिकात त्याने जे लेख लिहिले, त्यांत गळाचा आकार, तारेची जाडी, रिळावरचा दोर यांची बारकाईने माहिती असे.

मार्लिनसाठी रेशमाचा तंतू कुठला पुरणार? त्याची चोच कानशीसारखी खरखरीत. त्यामुळे तिथे लीडर लागे तो पियानोच्या तारेसारख्या पोलादी तारेचा. या तारेला गाठ बसत नाही. ती पीळ देऊनच अडकवावी लागते. गळाच्या नेढ्यातून तार ओवायची आणि दोन्ही पदर एकमेकांवर सारखे पिळायचे. एकच पदर दुसऱ्यावर गुंडाळला गेला तर जोर लागताच तो घसरून सुटतो. पीळ पुरेसा झाला की टोकाचा पदर उभ्या तारेभोवती जवळजवळ वेटोळ्यांत घट्ट गुंडाळायचा. उरलेले टोक कापायचे नाही, मुठीसारखे वाकवून गोल फिरवत मोडायचे, कारण कापलेल्या तारेचे कुसळ मासा ओढताना हात फाडून काढते. मग ती तार हातभर कड्याच्या आकारात गुंडाळून, सुटणार नाही अशी बांधून ठेवायची. कुठे मुरड पडलेली दिसली तर सरळ करून वापरायची नाही, टाकून द्यायची. तार तुटते ती नेमकी त्या मुरडीवरच.

हे काम घरी टेबलाशी, दिव्याच्या उजेडात दहा मिनिटांचे. होडीत तेच होत नाही. पायाखालची फळी हलते, हात खारट पाण्याने आणि आमिषाच्या तेलाने निसरडे झालेले असतात, आणि मासा असतो तो पाचच मिनिटे. म्हणून समुद्रावर जाणारा शहाणा माणूस लीडर आदल्या रात्रीच करून ठेवतो, आणि एक नव्हे, अनेक. आज तारेऐवजी बऱ्याच ठिकाणी जाड नायलॉन, म्हणजे कोकणातले तंगूस, वापरतात आणि गाठीऐवजी धातूची बारीक नळी पकडीने दाबतात. सुरमईसारख्या कात्रीच्या दातांच्या माशाला मात्र अजूनही तारच लागते. साहित्य बदलले तरी आदली रात्र बदललेली नाही. आपल्याकडचा कोणी मालवण-रत्नागिरीच्या खडपावर गरवायला जाणार असेल, तर त्यानेही ही कडी नागपुरातच बांधून, जाडीप्रमाणे वेगवेगळ्या पिशव्यांत घालून न्यावीत.

मुख्य दोराचेही असेच. तो तागाच्या जातीच्या जवसधाग्यांचा, म्हणजे लिननचा असे. मोठ्या माशासाठी अनेक धाग्यांचा जाड दोर वापरत. मासेमारी संपली की संध्याकाळी सगळा दोर रिळावरून उलगडून वाळवावा लागे. कंटाळा केला तर तो आतून कुजे, आणि ते कळे एखाद्या मोठ्या माशाच्या वेळीच.

१९३४ साली हेमिंग्वेने स्वतःची बोट घेतली. ब्रुकलिनच्या व्हीलर कारखान्यात बांधलेली, ३८ फूट लांबीची, ७,४९५ डॉलर किमतीची ‘पिलार’. मासिकाच्या संपादकाने पुढच्या लेखांपोटी ३,००० डॉलर उचल दिली, तेव्हा हे जमले. बोट बांधून घेतानाच त्याने बदल सांगितले होते. मासा आत ओढता यावा म्हणून मागची बाजू खाली घेतली आणि तिथे लाकडी रूळ बसवला. मोठ्या इंजिनाबरोबर गळ ओढत सावकाश जाण्यासाठी एक लहान इंजिन घेतले. म्हणजे बोट पाण्यात उतरण्याआधीच, पुढे कधीतरी लागणाऱ्या माशासाठी जागा करून ठेवलेली होती.

त्याच उन्हाळ्यात फिलाडेल्फियाच्या निसर्गविज्ञान अकादमीचे चार्ल्स कॅडवॅलेडर आणि मत्स्यशास्त्रज्ञ हेन्री फाउलर हे हवानाला आले आणि त्यांनी पिलारवरून मार्लिनचा अभ्यास केला. फाउलर यांनी १९३५ साली विंचूमाशांच्या कुळातल्या एका नव्या जातीला हेमिंग्वेचे नाव दिले. कादंबरीकाराचे नाव कादंबरीवर असते. याचे एका माशावरही आहे.

सगळी तयारी असूनही समुद्र ऐकत नाही, हेही याच काळात दिसले. एप्रिल १९३५मध्ये बिमिनी बेटाकडे जाताना गळाला लागलेल्या शार्कवर पिस्तूल झाडताना गोळ्या उलटून त्याच्याच पायांत घुसल्या. बिमिनीच्या पाण्यात मोठा मासा गळाला लागला तरी वर येईपर्यंत शार्क त्याचे लचके तोडत. दमवून-दमवून मासा आणायचा, तर शार्कना वेळ मिळतो. हेमिंग्वेने माशाला क्षणाचीही उसंत न देता ओढायचे ठरवले आणि तिथे अखंड ट्यूना वर काढून दाखवला. पण त्याच हंगामात त्याचा चित्रकार मित्र हेन्री स्ट्रेटर याच्या प्रचंड मार्लिनवर शार्क तुटून पडले. हेमिंग्वेने त्यांच्यावर बंदूक चालवली, तर रक्ताने आणखी शार्क गोळा झाले. मासा वर आला तेव्हा मागचा भाग खाऊन गेलेला होता. जे उरले तेच पाचशे पौंड भरले.

पुढे १९३९ साली न्यूयॉर्कमध्ये गळाच्या मासेमारीचे नियम ठरवणारी आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. हेमिंग्वे १९४०पासून अखेरपर्यंत तिचा उपाध्यक्ष होता. लीडर किती लांब असावा, याचेही या संघटनेचे नियम आहेत. जड दोरासाठी आज ती मर्यादा ३० फूट आहे. शार्कने किंवा दुसऱ्या माशाने लचका तोडलेला मासा विक्रमात धरला जात नाही.

पण जो मासा विक्रमात धरता येत नाही, त्याचीच कथा त्याने जगाला सांगितली. एप्रिल १९३६च्या एका लेखात त्याने कार्लोसकडून कळलेली हकिगत थोडक्यात दिली होती. एका म्हाताऱ्या कोळ्याच्या छोट्या होडीला मार्लिनने समुद्रात फार दूर ओढत नेले. दोन दिवसांनी तो साठ मैलांवर सापडला, तेव्हा शार्कनी अर्धाअधिक मासा खाल्ला होता आणि म्हातारा रडत होता. हा परिच्छेद पंधरा वर्षे तसाच राहिला. इतकी वर्षे भिजत ठेवलेला तो तंतू १९५१च्या सुरुवातीला, हवानाजवळच्या फिंका व्हिजिया या घरी, त्याने हातात घेतला आणि काही आठवड्यांत कादंबरी लिहून काढली.

ही कादंबरी पुन्हा वाचाल तेव्हा म्हाताऱ्या सांतियागोच्या दोरांकडे लक्ष द्या. चौऱ्याऐंशी दिवस त्याला मासा मिळालेला नाही. गावाने त्याला कमनशिबी ठरवले आहे. तरी पंच्याऐंशीव्या पहाटे त्याचे चार गळ चार नेमक्या खोलींवर उभे आहेत, ४०, ७५, १०० आणि १२५ वावांवर. प्रत्येक दोराला चाळीस-चाळीस वावांची दोन जादा वेटोळी आहेत, आणि ती एकमेकांना जोडता येतील अशा बेताने ठेवलेली आहेत. वेळ पडली तर एका माशाला तीनशे वावांहून जास्त, म्हणजे अर्ध्या किलोमीटरहून अधिक दोर देता यावा. मासा शंभर वावांवर लागतो. रात्रीच्या अंधारात, एका हाताने मासा धरून, म्हातारा बाकीचे गळ कापून त्यांची वेटोळी जोडतो. हे त्याला जमते, कारण त्याची व्यवस्था त्याने उजेडात केलेली असते. दैवापेक्षा तो नेमकेपणावर विसंबतो. दैव आलेच तर त्याला दार उघडे सापडले पाहिजे, एवढेच त्याच्या हाती असते.

आणि तरीही त्याची बेगमी अपुरी पडते. मीठ आणायचे राहिले. सुरीला धार लावायचा दगड नाही. सोबतीला तो लाडका पोरगा नाही. अठरा फुटी मासा जिंकल्यावर शार्क येतात, आणि त्यांच्यासाठी त्याच्यापाशी काहीच नाही. भाला जातो, वल्ह्याला बांधलेली सुरी मोडते. नसलेल्या वस्तूंचा विचार सोडून आहे तेवढ्यात काय करता येईल ते करावे, इतकेच उरते. मला या कादंबरीचा मोठेपणा इथे वाटतो. तयारीचे महत्त्व सांगणारी पुस्तके पुष्कळ आहेत. तयारी जिथे संपते तिथे माणसाने कसे वागावे, हे सांगणारी थोडी.

१९५२ साली ‘लाइफ’ साप्ताहिकाने ही कादंबरी एकाच अंकात छापली आणि दोन दिवसांत पन्नास लाख प्रती खपल्या. १९५३ साली पुलित्झर, १९५४ साली नोबेल मिळाले. त्याच वर्षी आफ्रिकेत लागोपाठ दोन विमान-अपघातांत तो जबर जखमी झाला होता, त्यामुळे स्टॉकहोमला जाऊ शकला नाही. नोबेलचे पदक त्याने क्यूबातल्या कोब्रे येथील मातेच्या देवळाला अर्पण केले.

लिहिण्याची त्याची रीतही कोळ्याचीच होती. रोज सकाळी उभ्याने लिहायचे, किती शब्द झाले ते भिंतीवरच्या तक्त्यात मांडायचे, आणि पुढे काय लिहायचे ते ठाऊक असतानाच थांबायचे. म्हणजे दुसऱ्या दिवसाचे टोक आदल्या दिवशीच हाताशी बांधून ठेवलेले. १९६०मध्ये क्यूबा सोडल्यावर हेच टोक त्याला सापडेनासे झाले. मन खचले, संशयाने घेरले. रुग्णालयात विजेचे झटके दिले गेले, त्यात स्मृती गेल्याची त्याची तक्रार होती. १९६१च्या फेब्रुवारीत नवे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांना भेट द्यायच्या ग्रंथासाठी चार ओळी हव्या होत्या, त्यासुद्धा त्याला लिहवेनात. २ जुलै १९६१च्या पहाटे, आयडाहोतल्या केचम गावी, त्यानेही वडिलांचाच मार्ग धरला. त्याच्या गावात मनाच्या दुखण्यासाठी कोणी तंबू ठोकून ठेवला नव्हता. आपण मात्र आज आपल्या घरी हे दुखणे वेळीच ओळखू शकतो, बोलू शकतो, डॉक्टरांकडे नेऊ शकतो. ही बेगमी पापड-कुरडयांइतकीच घरातल्या सगळ्यांनी मिळून करायची असते.

तो गेल्यावर कोहीमार गावच्या कोळ्यांनी आपापल्या होड्यांचे पितळी भाग, पंखे, साखळ्या आणून दिल्या आणि त्या वितळवून त्याचा अर्धपुतळा ओतला. पिलारचा तांडेल ग्रेगोरिओ फुएंतेस १०४ वर्षे जगला. तो २००२ साली वारला. आणि पिलार स्वतः आज फिंका व्हिजियाच्या आवारात, जिथे पूर्वी टेनिस खेळत त्या जागेवर, कोरड्या जमिनीवर उभी आहे. तिचा मागचा रूळ अजूनही मोठ्या माशासाठी जागा करून आहे.